हाताला ऐकू आलेला माग



गेल्या वर्षी सहामाहीचा निकाल लागला त्या संध्याकाळी आमच्या धाकट्याचा लॅपटॉप मी कपाटात ठेवला आणि किल्ली पर्समध्ये टाकली. अकरावी सायन्स, गणितात 100 पैकी 41. "मास्तरणीच्या पोराला एवढेच?" असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं नाही, पण मला ते दिवसभर ऐकू येत होतं.

गुन्हेगार कोण, हे माझ्यापुरतं ठरलेलं होतं. रात्री साडेअकरापर्यंत कानाला हेडफोन लावून तो स्क्रीनकडे बघत बसायचा आणि बोटांनी टेबलावर ठोके द्यायचा. विचारलं तर म्हणायचा, "ट्रॅक बनवतोय अम्मी." कसला ट्रॅक? तर संगणकावर आवाज तयार करायचे, ते एकापुढे एक मांडायचे आणि त्या आवाजांवर हलणारी चित्रं करायची. गाणं म्हणावं तर त्यात शब्द नाहीत. सिनेमा म्हणावा तर माणसं नाहीत. नुसत्या रेघा, चौकोन, चांदण्या आणि त्यांच्याबरोबर धडधड.

"याचा उपयोग काय?" मी विचारलं होतं. तो गप्प राहिला. किल्ली फिरवताना मला वाटलं, उत्तर नाही म्हणून गप्प आहे.

अकरा दिवस घर शांत होतं. तो पुस्तक उघडून बसायचा, पण पान उलटत नव्हतं. वर्गात अशी मुलं मी वीस वर्षं बघते आहे. आपल्याच घरातलं मूल तसं बसलेलं दिसलं की मात्र डोळे झाकून घ्यावेसे वाटतात.

बाराव्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत होते. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. त्या वह्या मराठी व्याकरणाच्या, धडा वृत्तांचा. अक्षरांच्या डोक्यावर लघु-गुरूच्या खुणा, लघुला अर्धचंद्र, गुरूला आडवी रेघ. पाणी प्यायला आलेला धाकटा थांबला आणि वाकून बघायला लागला. कितीतरी दिवसांनी तो आपणहून बोलला, "अम्मी, हा तर पॅटर्न आहे. मीही असंच लिहितो."

मी उठले, कपाट उघडलं आणि लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. "दाखव," म्हटलं.

माझ्या भगिनींनो, हा शब्द मी सहा महिने आधी बोलायला हवा होता.

सोळा खाने

त्याने दाखवलं ते तुम्हालाही सांगते. पडद्यावर एक आडवी ओळ असते, तिच्यात सोळा खाने. उजेडाचा एक पट्टा डावीकडून उजवीकडे सरकत जातो. जो खाना भरलेला असेल तिथे आवाज होतो, जो रिकामा असेल तिथे शांतता. सोळावा खाना संपला की पट्टा पुन्हा पहिल्यावर. एका ओळीत ढोलाचा ठोका, तिच्याखालच्या ओळीत टाळीसारखा आवाज, त्याखाली मंजिरीसारखा. पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा खाना भरला की चालत्या पावलांसारखा सरळ ठेका तयार होतो. एखादा ठोका एक खाना पुढे ढकलला की तोच ठेका लगेच लचकतो. या यंत्रणेला सीक्वेन्सर म्हणतात.

"म्हणजे भरलेला खाना महत्त्वाचा," मी म्हटलं.

"रिकामा जास्त, अम्मी. सगळे भरले तर नुसता गोंगाट होतो."

मी त्याला भुजंगप्रयात वृत्त मांडायला सांगितलं. लघु-गुरू-गुरू असा गण, चार वेळा, एका चरणात बारा अक्षरं. समर्थांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. उर्दूच्या तासाला मी जी बहर-ए-मुतकारिब शिकवते, तिचा रुक्न 'फऊलुन', तोही लघु-गुरू-गुरू आणि तोही चार वेळा. एका वर्गात मी तिला मुतकारिब म्हणते, शेजारच्या वर्गात भुजंगप्रयात. चाल तीच, मोजणीही तीच. गेली कित्येक वर्षं मी हे मुलांना सांगते आणि मुलं माना डोलावतात. त्यांना ते कधी दिसलं असेल असं वाटत नाही.

धाकट्याने लघुला एक खाना दिला आणि गुरूला दोन. म्हणजे एका गणाचे पाच खाने झाले. पण ओळ सोळाची! पाचाचा तुकडा सोळात बसेना. तीन गण झाले की एक खाना उरतो, चौथा गण पुढच्या ओळीत सांडतो. मला वाटलं, बिघडलं. तो म्हणाला, "चालू दे, परत जुळतं." खालच्या ओळीत ढोल सोळाच्या हिशेबाने चाललेला, वरच्या ओळीत वृत्त पाचाच्या हिशेबाने. दोघे एकमेकांपासून दूर जात राहिले, आणि बरोबर 80 खाने झाल्यावर पुन्हा एकत्र पहिल्या ठोक्यावर आले. 5 आणि 16 यांचा लसावि 80.

मग माझ्या लक्षात आलं. भुजंगप्रयाताच्या एका चरणात 20 मात्रा, चार चरणांत 80. अख्खा श्लोक सोळाच्या पाच ओळींत काठोकाठ बसतो. गणितात 41 मिळवलेल्या पोराने लसावि कानाने शोधला होता आणि मराठीच्या बाईला तो पडद्यावर दिसला होता.

आवाज कुठून येतो

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे काय, हे मी त्याच्याकडून शिकले. तार छेडली की ती थरथरते, हवा थरथरते, आपल्या कानाचा पडदा थरथरतो. इथे तारेऐवजी विजेचा प्रवाह लाटेसारखा वरखाली होतो आणि स्पीकरचा पडदा त्याप्रमाणे हलतो. सेकंदाला 440 वेळा हलला की एक स्वर, 880 वेळा हलला की तोच स्वर वरच्या सप्तकात. लाट गोलसर असेल तर आवाज शिटीसारखा, चौकोनी असेल तर जुन्या व्हिडिओ गेमसारखा, करवतीच्या दातांसारखी असेल तर भोंग्यासारखा खरखरीत. संगणक हे सगळं आकड्यांत साठवतो. सीडीच्या दर्जाच्या आवाजासाठी एका सेकंदात 44,100 आकडे.

लाटेचा आकार बदलला की आवाज बदलतो, ही गोष्ट वर्गातही दाखवता येते. आठवीच्या मुलांसमोर मी स्टीलच्या वाडग्यावर फुग्याचं रबर ताणून बसवलं, त्यावर चिमूटभर मीठ पसरलं आणि एका मुलीला तोंड जवळ नेऊन लांब 'ऊ' म्हणायला लावलं. मीठ नाचायला लागलं. स्वर वर गेला तशी मिठाची रचना बदलली. क्लाडनी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1787 साली धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून असेच आकार दाखवले होते. आवाजाचं चित्र होतं ते असं. धाकटा हेच काम संगणकावर, हौसेने करत होता.

एक परिणाम मात्र मला त्याने समजावून सांगावा लागला नाही. एक आवाज करायचा आणि तो थोड्या थोड्या अंतराने, विरत विरत, पुन्हा ऐकू येईल असं करायचं. याला ते डिले म्हणतात. सोलापूरच्या मुलांनी तो विजापूरच्या सहलीत ऐकलेलाच असतो. 1656 च्या सुमारास पुरा झालेल्या गोल घुमटाच्या सज्जात उभं राहून टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते. तिथे विजेची एक तारही नव्हती, फक्त दगड, चुना आणि घुमटाची गोलाई.

गल्लीतला माग

आमची गल्ली यंत्रमागांची. सकाळी सातला खटाखट सुरू होते ती रात्रीपर्यंत. माझे सासरे, मुलांचे दादा, अडतीस वर्षं मागावर होते, त्यातली शेवटची चौदा चादरीच्या जेकार्ड मागावर. आता वय 74. कान गेलेत. मागाच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. वर्षानुवर्षं त्यात उभं राहिलं की आधी उंच, बारीक आवाज जातात. बायकांचं, पोरांचं बोलणं, 'स', 'फ', 'थ' ही अक्षरं. त्यामुळे घरात कुणी बोललं की दादांना फक्त पुटपुट ऐकू येते. यंत्र दिलं होतं, ते शिट्टी मारतं म्हणून डबीत पडलंय. अजान ऐकू येत नाही म्हणून ते घड्याळाकडे बघून उठतात. जेवताना आम्ही हसलो की तेही हसतात, थोडं उशिरा.

धाकट्याने एक दिवस फोन घेतला आणि शेजारच्या कारखान्यात जाऊन मागाचा आवाज टिपून आणला. मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके पडत होते. त्यातला एक 'खट' कापून घेतला, एक 'धप' कापून घेतला आणि सोळा खान्यांत मांडला. ढोलाच्या जागी माग.

तेव्हा मी त्याला दादांच्या जेकार्डची गोष्ट सांगितली. सोलापुरी चादरीवरचं फूल कारागीर बोटांनी उचलत नाही. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या छिद्रांच्या पट्ट्यांची माळ फिरत असते. छिद्र असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. पट्टी बदलली की पुढची ओळ. फ्रान्समधल्या जॅकार यांनी 1804 साली ही रचना पक्की केली. त्याच्याही कितीतरी आधी, नवव्या शतकात, बगदादच्या बनू मूसा भावंडांनी आपोआप वाजणाऱ्या बासरीच्या यंत्राचं वर्णन लिहून ठेवलं. त्यात फिरणाऱ्या नळकांड्यावरच्या खुंट्या ठरवायच्या की कोणतं छिद्र कधी उघडेल.

धाकटा पडद्यावरच्या सोळा खान्यांकडे बघत राहिला. "म्हणजे दादा अख्खं आयुष्य सीक्वेन्सर चालवत होते?"

चित्र आणि ठोका

आवाजाचं काम झालं, आता चित्र. त्याने ताण्याचे उभे धागे काढले, मध्ये धोटा, पुढे फणी. धोटा ठोक्याला इकडून तिकडे पळणार होता. पण पहिले दहा-वीस सेकंद जुळायचं आणि पुढे चित्र घसरायचं. दोन रात्री तो डोकं धरून बसला. मग वही घेऊन माझ्याकडे आला. मी भाषेची शिक्षिका, पण त्रैराशिक विसरलेली नाही.

हलतं चित्र म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं. त्याचा व्हिडिओ सेकंदाला 30 चित्रांचा होता. संगीताची गती त्याने मिनिटाला 110 ठोके ठेवली होती. 60 भागिले 110, गुणिले 30. एका ठोक्याला 16.36 चित्रं. 0.36 चित्र कुठून आणणार? त्याने सरळ 16 धरले होते. दर ठोक्याला थोडी चूक, शंभर ठोक्यांनंतर 36 चित्रांची, म्हणजे सव्वा सेकंदाच्या जवळपास. माग पुढे आणि आवाज मागे.

आम्ही गती 100 केली. 60 भागिले 100, गुणिले 30, बरोबर 18. एका ठोक्याला अठरा चित्रं, शिल्लक काही नाही. 24 चित्रांचा व्हिडिओ असेल तर 120 ची गती चालते, ठोक्याला 12. 25 चित्रांचा असेल तर 120 ला साडेबारा येतात आणि गाडी अडते. तिथे 125 घ्यावी, पुन्हा 12 मिळतात. हे कोष्टक त्याने आपल्या हाताने बनवून भिंतीला लावलं. पाढे पाठ करायला कधी एवढा उत्साह दिसला नव्हता.

आवाजाबरोबर हलणाऱ्या अशा आकृत्यांना मोशन ग्राफिक्स म्हणतात. हे काम आधी करणाऱ्यांतला एक अमेरिकन, जॉन व्हिटनी. दुसऱ्या महायुद्धात विमानांवर तोफ रोखण्यासाठी जे गणिती यंत्र होतं, ते भंगारात मिळवून त्याने त्यावर फिरत्या नक्षी काढल्या. मारायच्या यंत्रातून फुलं काढली म्हणा ना. 1975 साली त्याने संगणकावर केलेल्या एका लघुपटाचं नाव 'अरबेस्क'. त्यात ठिपके सरकत सरकत आपल्या जाळ्यांवर आणि मेहराबींवर असते तशी वेलबुट्टी होत जातात. सोबत इराणी वादक मनूचेहर सादेगी यांचं संतूर आहे.

आपल्या मुंबईचंही एक उदाहरण सांगते. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. 1982 साली त्यांनी नवीन आलेल्या जपानी यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. फारशी कुणी घेतली नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच यंत्रांच्या आवाजातलं संगीत गाजलं. सिंग यांची तबकडी 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे जाणकार थक्क झाले. अठ्ठावीस वर्षं! या काळात कुणी त्यांना "याचा उपयोग काय?" विचारलं असतं, तर तेही माझ्या पोरासारखे गप्प बसले असते.

दादांची दुरुस्ती

जुम्याचा दिवस होता. जेवणं झाली होती. धाकट्याने लॅपटॉप दादांसमोर ठेवला आणि शेजारी छोटा स्पीकर. दादांनी कानाकडे बोट दाखवून मान हलवली, मला काय उपयोग. पोराने काही न बोलता त्यांचा उजवा हात उचलला आणि स्पीकरवर ठेवला.

उंच आवाज गेले तरी जड ठोका हाताला कळतो. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी जवळजवळ पूर्ण बहिऱ्या आहेत. त्या तालवाद्य वाजवताना अनवाणी उभ्या राहतात, जमिनीतून येणारा थरार पायाला कळावा म्हणून. हे मला नंतर कळलं. पोराला ते माहीत होतं की त्याला सहज सुचलं, मी विचारलं नाही.

माग सुरू झाला. पडद्यावर धोटा पळायला लागला. दादांचा हात स्पीकरवर, डोळे पडद्यावर. पहिल्यांदा त्यांचा चेहरा कोराच होता. मग बोटं हलली. मग त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि हात वर केला. तो हात आम्ही ओळखतो. शेडमध्ये कुणी बोलून उपयोग नसतो, म्हणून मागकरी एकमेकांना हातानेच 'थांबव' म्हणतात.

"माग चुकीचा लावलाय," दादा म्हणाले. कान गेलेल्या माणसाचा आवाज मोठा असतो, अख्ख्या घराला ऐकू गेलं. "धोटा आधी जातो. पार त्या टोकाला पोचतो. मग फणी ठोकते. तुझा धोटा फणीबरोबर निघतो. असा माग लावशील तर धोटा धाग्यांत अडकेल आणि शेदोनशे धागे एकदम तुटतील. मालक पगार कापेल तुझा."

धाकट्याने 'धप' या आवाजावर धोटा पळवला होता. मोठा ठोका तोच म्हणून. खरं तर 'खट' हा धोट्याला मारलेला दणका आणि 'धप' ही फणीची. आम्ही आयुष्यभर तो आवाज ऐकतो आहोत, त्यात दोन कामं आहेत हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

दादांनी मग टेबलावर दोन्ही हातांनी करून दाखवलं. डाव्या हाताने खट, उजव्याने धप, मध्ये धोटा जायला लागतो तेवढा वेळ. पोराने तो वेळ मोजला, खाने सरकवले. पुन्हा लावलं. दादांनी पुन्हा हात ठेवला. या वेळी हात वर केला नाही. तीन मिनिटांचा तुकडा संपला तेव्हा त्यांनी विचारलं, "कांडी कोण बदलणार?"

बाण्याचा धागा संपला की धोट्यातली कांडी बदलावी लागते, तेवढा वेळ माग थांबतो. पोराने तुकड्याच्या मध्यावर आठ खाने रिकामे सोडले. माग थांबतो, पडद्यावर धागे स्थिर राहतात, आणि मग पुन्हा खट. मला विचाराल तर त्या अख्ख्या कामातली सर्वात सुंदर जागा तीच आहे.

जे वाचताना तुमच्या मनात आलं असेल

संगीत जायज की नाजायज, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत आणि ते सोडवण्याची माझी योग्यता नाही. ज्याला शंका असेल त्याने जाणत्या आलिमांना विचारावं, आणि ज्या घरात जे मानलं जातं त्याचा मान घरातल्या मुलानेही ठेवावा. आमच्या घरात यांच्याशी आणि दादांशी बोलून काही गोष्टी ठरल्या. अजान आणि नमाजच्या वेळी बंद. रमजानमध्ये लॅपटॉप फक्त अभ्यासाला. तिलावत किंवा अजान यांचा आवाज कोणत्याही तुकड्यात वापरायचा नाही, कितीही सुंदर वाटला तरी. अश्लील शब्द असलेलं काही घ्यायचं नाही. दुसऱ्याने बनवलेला आवाज न विचारता उचलायचा नाही, तीही चोरीच आहे.

ज्यांना वाद्याचा आवाज नकोच, त्यांच्या मुलांनाही यात पुष्कळ करता येतं. पावसाचा आवाज, रेल्वेचा खडखडाट, भाकरी थापण्याचा आवाज यांवर चित्रं करता येतात. ग्रहण कसं लागतं, रक्त शरीरात कसं फिरतं, अशी आकृती हलती करता येते. माझ्या शाळेतल्या दोन मुलींनी वर्तुळातून आठ कोनांची चांदणी कशी निघते हे टप्प्याटप्प्याने हलवून दाखवलं. त्यात एकही स्वर नव्हता.

घरी सुरू करायचं तर

खर्चाची भीती नको. संगीतासाठी एलएमएमएस, आवाज कापायला-जोडायला ऑडॅसिटी आणि हलत्या चित्रांसाठी ब्लेंडर, ही तिन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि चोरीची प्रत घेण्याची गरज नाही. ब्लेंडरला फुकटचं म्हणून हलकं समजू नका. 2025 साली ऑस्कर मिळालेला लाटवियाचा 'फ्लो' हा अ‍ॅनिमेशनपट त्यातच तयार झाला. ते जरा बऱ्या संगणकावर चालतं. पहिली दोन मात्र घरात पडलेल्या जुन्या संगणकावरही चालतात. आवाज टिपायला हातातला फोन पुरतो.

सुरुवात छोटी असावी. एक ओळ, सोळा खाने, अर्ध्या मिनिटाचा तुकडा, आणि तो पूर्ण करायचा. अर्धवट सोडलेले वीस तुकडे असण्यापेक्षा पुरा केलेला एक बरा. चित्रही एकच, ठोक्याला मोठा होणारा एखादा गोल. गती आणि चित्रांची संख्या सुरू करायच्या आधीच जुळवून घ्यावी, नाहीतर आमच्यासारख्या दोन रात्री जातील.

आणि कान जपा. दादांना बघून मी या बाबतीत कडक झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपेक्षा जास्त ऐकू नये, मुलांसाठी मर्यादा 75 डेसिबलची. आमचा घरगुती नियम असा की हेडफोन लावलेला असताना मी हाताच्या अंतरावरून साध्या आवाजात बोलले तर त्याला ऐकू आलं पाहिजे. दर तासाला दहा मिनिटं हेडफोन खाली. कानात गेलेला आवाज परत काढता येत नाही, आणि गेलेलं ऐकणं परत आणता येत नाही.

वेळेचंही ठरवून घ्या. आमच्याकडे आता रोज पाऊण तास, सुट्टीच्या दिवशी दोन. रात्री दहानंतर नाही.

वार्षिक परीक्षेत धाकट्याला गणितात 58 मिळाले. 41 वरून 58. चमत्कार वगैरे काही झाला नाही. तो या छंदातून पुढे काही कमावेल की नाही, मला माहीत नाही आणि मी विचारणंही सोडलंय. यांचं अजूनही म्हणणं आहे की पाऊण तास जास्त होतो. या बाबतीत आमच्या घरात एकमत नाही आणि त्याने घर मोडत नाही.

गेल्या महिन्यात शेजारचा कारखाना बंद झाला. आठ माग लोखंडाच्या भावाने विकले गेले. गल्लीची ती बाजू आता सकाळी सातला गप्प असते. आम्हाला ते पहिल्या दिवशी जाणवलं. दादांना कळायला चार दिवस लागले, ते ओट्यावर बसतात तेव्हा पायाखालची फरशी थरथरत नाही म्हणून. त्या संध्याकाळी ते धाकट्याच्या खोलीत गेले, खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी स्पीकरवर हात ठेवला.

"लाव," म्हणाले.